समुद्रकांठीं चार दिवस

हल्लीं हॉटेलांच्या जाहिरातींत ‘संपूर्ण नूतनीकरण केलेलें’ हे शब्द इतक्या वेळां आढळतात कीं, जुनें तें सर्व मोडून नवें केलें म्हणजे प्रवाशाच्या सुखाची परमावधि झाली, असें वाचणारास वाटावें. आपल्या भाषेंत याच कामाला दुसरा एक शब्द पूर्वीपासून आहे, तो जीर्णोद्धार. दोहोंत भेद आहे. जीर्णोद्धारांत जें जीर्ण झालें तें टाकावयाचें नसून त्याचा उद्धार करावयाचा असतो. मूर्ति तीच, गाभारा तोच, ढळलेले चिरे तेवढे पुन्हां बसवावयाचे. नूतनीकरणाला ही अट नाहीं. तेथें काय राखलें आणि काय टाकलें हें मालकाच्या मर्जीवर व कारागिराच्या हौसेवर अवलंबून असतें. सबब असें एखादें हॉटेल उतरण्यासाठीं पसंत करतांना ‘नवें काय केलें’ यापेक्षां ‘जुन्यापैकीं काय ठेवलें’ हा प्रश्न आधीं विचारावा, असें आमचें मत गेल्या माघ महिन्यांत चार दिवस कोंकणच्या किनाऱ्यावर राहून आल्यापासून झालें आहे. ज्या घरांतून दहा-बारा माणसें एकदम बाहेर पडतात, अशा घरांतील वाचकांस आमची हकीकत उपयोगी पडेल असें वाटतें.

पूर्वीं कोंकणांत जाणारास हा प्रश्न पडतच नसे. गणपतीपुळ्यास किंवा हर्णैस गेलें कीं कोणा आप्ताच्या पडवींत नाहीं तर उपाध्यायांच्या ओटीवर वळकटी सोडावी, विहिरीवर स्नान करावें, केळीच्या पानावर ऊन ऊन भात जेवावा, आणि निघतांना यजमानीण बाईंच्या हातावर खण-नारळ ठेवावा. १९९८ च्या जानेवारींत कोंकण रेल्वे सलग सुरू झाली, घाट उतरण्याचे हाल संपले, आणि माणसांचा लोंढा वाढला. एवढ्या लोंढ्याला ओट्या कोठून पुरणार? शिवाय त्या ओट्यांवरचीं माणसेंही मुंबई-पुण्यास गेलीं. तेव्हां हॉटेलें झालीं हें योग्यच झालें. त्यांना नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं.

आमच्या मंडळींत तेरा माणसें होतीं. थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, दोघे पुतणे व त्यांच्या बायका, आमचा मुलगा व सून, आणि तीन नातवंडें. जाण्याचें निमित्त वहिनी. त्यांचें माहेर गणपतीपुळ्याच्या शेजारच्या मालगुंडचें. तेथील घर कधींच विकलें गेलें, आणि आतां वयाच्या शहात्तराव्या वर्षीं गुडघे धरल्यामुळें वाळूंत उतरणें त्यांना शक्य नाहीं. “रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या गाज ऐकूं आली पाहिजे, मला दुसरें कांहीं नको,” एवढेंच त्यांचें मागणें होतें. गाज म्हणजे समुद्राचा रात्रंदिवस चालणारा आवाज. लहानपणीं जो कानांत बसतो तो देशावर पन्नास वर्षें काढलीं तरी जात नाहीं, असें दिसतें. अकरा वर्षांपूर्वीं आम्ही याच किनाऱ्यावरील एका हॉटेलांत उतरलों होतों. त्या इमारतीला समुद्राच्या अंगास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबच लांब उघडी ओसरी होती. हॉटेल तसें गबाळें होतें. नळ गळत, उंदीर फिरत. पण त्या ओसरीवर तेराच काय, तीस माणसें बसलीं असतीं. त्याच हॉटेलाचें नूतनीकरण झाल्याचें कळलें, आणि पुतण्यानें मोबाइलवरून पांच खोल्या राखून ठेवल्या. हॉटेलाचें नांव येथें देत नाहीं. जें तेथें घडलें तें सध्यां ठिकठिकाणीं घडत आहे.

रत्नागिरीस पहाटे उतरून आरे-वाऱ्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे सुमारें पंचवीस किलोमीटरांचा प्रवास आहे. समुद्र डाव्या हातास ठेवून चढउतार करीत जाणारी ही वाट इतकी रम्य आहे कीं, मागच्या बांकावर भांडणारीं नातवंडेंही गप्प झालीं. वारे येथील खाडी ओलांडतांना सुरूंच्या रांगांतून सूर्य वर येत होता. त्याचें वर्णन करण्याचा मोह आवरतों, कारण सांगावयाचें पुष्कळ आहे.

प्रथम इमारतीविषयीं. तिचा खालचा मजला जुना, जांभ्याच्या चिऱ्यांचा. हा दगड मोठा गुणी. खाणींतून काढतांना तो मऊ असतो, पातीनें कापतां येतो, आणि उघड्या हवेंत राहिला म्हणजे कठीण होत जातो. १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्यानें मलबारांत हाच दगड पाहून त्याला विटेच्या लॅटिन नांवावरून लॅटराइट असें नांव दिलें. पुढें तेंच जगभर रूढ झालें. वरचा मजला मागाहून सिमेंट-कॉंक्रीटचा चढविलेला. समुद्रकांठीं खरी दुखणीं याच मजल्याला होतात. कॉंक्रीटच्या पोटांत लोखंडी सळया असतात. सिमेंटच्या अंगच्या क्षारधर्मामुळें त्या सळयांवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. परंतु वाऱ्यावर येणारें मीठ बारीक भेगांतून आंत झिरपलें कीं तो पापुद्रा तुटतो आणि गंज सुरू होतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षां कित्येक पट जागा व्यापतो. तो आंतून रेटा देतो, आणि छताचे पोपडे एक दिवस ताटांत पडतात. वर गिलावा करून रंग फांसल्यानें हें दुखणें बरें होत नाहीं. सडका भाग लोखंडापर्यंत फोडून, सळई घासून स्वच्छ करून, तिला लेप देऊन नवें कॉंक्रीट भरावें लागतें. आमच्या हॉटेलवाल्यांनीं हें काम मन लावून केलेलें दिसलें. जिन्याखालीं एका ठिकाणीं काम अजून चालू होतें, तेथें आम्हीं मुद्दाम उभे राहून पाहिलें. गवंड्यानें गोड्या पाण्यानें धुतलेली नदीची वाळू निराळी ठेवली होती, आणि दाराशीं पसरलेल्या फुकटच्या वाळूला हात लावला नव्हता. दिसण्यांत न येणाऱ्या कामावर जो मालक पैसा खर्च करतो त्याला बेइमान म्हणतां येणार नाहीं.

दुसऱ्याही पुष्कळ सोयी चांगल्या केलेल्या होत्या. स्नानगृहांतील फरशी खरखरीत, बसून उठतांना धरावयास भिंतींत दांडे, पायऱ्यांच्या कडेनें उतरण. आमच्या बंधूंना या दांड्यांचें इतकें कौतुक वाटलें कीं, घरीं परतल्यावर तसे दोन बसवून घेतले. पाणी चोवीस तास कढत. बिछाने स्वच्छ. नोकर मंडळी बहुतेक आसपासच्या गांवचीं तरुण मुलें. बोलण्यांत मार्दव, आणि वडील माणसाला पाहून सहज उठून उभीं राहणारीं.

पण ओसरी नाहींशी झाली होती.

ती पाडली नव्हती, तर खोल्यांनीं गिळली होती. प्रत्येक खोली समुद्राकडे सहा-सात फूट पुढें आणून ओसरीच्या खांबांमध्यें जमिनीपासून छतापर्यंत जाड कांच बसविलेली. ती उघडत नाहीं, कारण उघडली तर वातानुकूलन यंत्राची थंड हवा वायां जाते व खारा वारा सामान खातो. व्यवस्थापक गृहस्थ सुशील होते. त्यांनीं आम्हांस जें कारण सांगितलें तें ऐकण्यासारखें आहे. समुद्रकिनाऱ्याच्या बांधकामांवर केंद्र सरकारनें १९ फेब्रुवारी १९९१ रोजीं निर्बंध घातले; भरतीच्या रेषेपासून पांचशें मीटरांचा पट्टा त्यांखालीं आला, आणि ग्रामीण भागांत पहिल्या दोनशें मीटरांत नवें पक्कें बांधकाम बंद झालें. २०११ सालीं हे नियम बदलले, २०१९ च्या जानेवारींत पुन्हां बदलले, व दाट वस्तीच्या गांवांपुरती ती दोनशेंची मर्यादा पन्नासावर आली. परंतु इतरत्र जुनी अधिकृत इमारत दुरुस्त करावयाची, तर आहे त्या जोत्याच्या व आहे त्या क्षेत्राच्या आंतच. म्हणून अगदीं पाण्यालगत जीं थोडीं जुनीं घरें व हॉटेलें उभीं आहेत त्यांची किंमत सोन्यासारखी झाली आहे, आणि म्हणूनच तेथें नवीं इमारत न दिसतां नूतनीकरणाच्या पाट्या दिसतात. आतां पाहुण्यांना खोली मोठी हवी. जोत्याबाहेर एक वीतही सरकतां येत नाहीं. मग जागा निघावयाची ती ओसरींतून. “साहेब, खोलीचें भाडें येतें, ओसरीचें येत नाहीं,” असें ते म्हणाले, आणि यांत खोटें कांहींच नव्हतें.

परिणाम मात्र असा झाला कीं, पहिल्या दिवशीं संध्याकाळीं आमची तेरा माणसें पांच बंद खोल्यांत वांटलीं गेलीं. प्रत्येक खोलींत स्वतंत्र चहाची किटली, स्वतंत्र दूरदर्शन-संच, स्वतंत्र थंडी. एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जावयाचें तर मागच्या बोळांतून कार्ड टेंकवून दार उघडावें लागे. वहिनींना तें कार्ड कांहीं केल्या साधेना. रात्रीं आम्ही त्यांच्या खोलींत गेलों तेव्हां त्या दिवा मालवून कांचेसमोर बसल्या होत्या. बाहेर कृष्णपक्षांतील द्वितीयेचें चांदणें होतें, लाटा फुटतांना दिसत होत्या, आणि ऐकूं येत होती ती फक्त यंत्राची घरघर. “चित्रांतला आहे हो भाऊजी,” असें त्या म्हणाल्या. यंत्र बंद करून पाहिलें, तेव्हां घरघरही थांबली आणि जीव मात्र गुदमरूं लागला.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्हीं इमारतीला सबंध फेरी घातली. शाळेंत तीस-पस्तीस वर्षें काढलेल्या माणसाला इमारतीच्या मागच्या बाजू पाहण्याची खोड असते. उत्तरेच्या टोकाला, मुदपाकखान्याच्या पलीकडे, जुन्या ओसरीचा एक तुकडा कांच न बसवितां तसाच राहिलेला सांपडला. वीस-बावीस फुटांचा असेल. त्यावर मंगळुरी कौलांचें जुनें छप्पर, खालीं शहाबादी फरशी, आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी. समोर सुरूंचीं पांच-सात झाडें, त्यांतून समुद्र, आणि गाज अशी कीं बोलतांना आवाज चढवावा लागावा. व्यवस्थापकांना आम्हीं विचारलें कीं, चादरी मागच्या अंगणांत वाळल्या तर चालणार नाहींत काय. ते क्षणभर संकोचले. ती जागा ‘पाहुण्यांना दाखविण्यासारखी’ नाहीं असें त्यांना वाटत होतें. पण तासाभरांत चादरी हलल्या, आणि तेथें दोन बांकें व सहा खुर्च्या आल्या. त्यानंतर आमच्यापैकीं कोणीही झोपण्यापलीकडे खोलींत फिरकलें नाहीं. एवढेंच नव्हे, तर तिसऱ्या दिवशीं नागपूरकडचें एक कुटुंब आणि सोलापूरचे दोघे वृद्ध पतिपत्नी हींही येऊन बसूं लागलीं. वहिनींची आरामखुर्ची खांबाला लावून ठेवलेली असे. दुसऱ्या रात्रीं त्या तेथेंच झोपण्याचा हट्ट धरून बसल्या, व बंधूंनीं रागावून त्यांना आंत आणलें. परंतु त्या अकरा वाजेपर्यंत बसल्या होत्या.

जेवणासंबंधीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. हल्लींच्या रीतीप्रमाणें सर्व पदार्थ एका लांब मेजावर मांडून ठेवतात, आणि आपण ताट घेऊन फिरावयाचें. वाढणारा नाहीं, आग्रह नाहीं. वडील माणसें गुडघे सांवरीत रांगेंत उभीं. आमच्या सुनांनीं पहिल्या दिवशींच दोन मेजें जोडून घेतलीं व आळीपाळीनें वाढूं लागल्या, तेव्हां हॉटेलांतील मुलांना मौज वाटून तींही वाढावयास आलीं. मेजावर पंजाबी पदार्थांची गर्दी. पण आचारी मूळचा गुहागरचा निघाला. त्याला विचारतांच दुसऱ्या दिवसापासून घावन, कुळथाचें पिठलें, सोलकढी आणि संकष्टीला चंद्रोदयानंतर उकडीचे मोदक मिळाले. त्याच्या मोदकांना एकवीस कळ्या होत्या, आम्हीं मोजल्या. असा आचारी घरांत असतां पाहुण्यांना लोण्याची डाळ कां खाऊं घालतात हें कोडें आहे.

मालगुंडला एक सकाळ गेलों. वहिनींच्या माहेरच्या घराच्या जागीं आतां दुमजली इमारत आहे. गाडींतूनच पाहून त्यांनीं ‘चला’ म्हटलें. केशवसुतांचें स्मारक मात्र सर्वांनीं सावकाश पाहिलें. कवीचा जन्म येथला, १८६६ सालचा. त्यांना आयुष्य जेमतेम चाळिशीपर्यंतचें मिळालें. येथें त्यांचें घर जुन्या धर्तीवर राखून ठेवलें आहे, तें पाहतांना ओटी, पडवी व माजघर यांचे अर्थ नातवंडांना समजावून सांगावे लागले नाहींत, दाखवितां आले. जीर्णोद्धार कसा असावा याचें हें जवळचें उदाहरण हॉटेलांतील सर्व पाहुण्यांना दाखविलें पाहिजे.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला तिजकडे वळतों. वद्य तृतीयेला संध्याकाळीं साडेपांचाच्या सुमारास धाकटा पुतण्या दोन्ही मोठ्या नातवांना घेऊन हॉटेलासमोरच समुद्रांत उतरला. त्या वेळीं आम्ही बंधूंसह गणपतीच्या डोंगराला प्रदक्षिणा घालीत होतों. येथें डोंगरच देवस्वरूप मानलेला असल्यामुळें प्रदक्षिणा सुमारें एक किलोमीटराची होते. परत आल्यावर कळलें तें असें. पाणी कमरेइतकें होतें, लाटा बेताच्या होत्या, धोका कोणालाच दिसत नव्हता. पण पायांखालची वाळू सरकूं लागली, आणि तिघेही नकळत उत्तरेकडे व आंत ओढले जाऊं लागले. किनाऱ्यावर जाळें नीट करीत बसलेल्या एका कोळ्यानें तें पाहिलें आणि ओरडून व हात करून त्यांना समोर न येतां आडवें चालावयास सांगितलें. पुतण्यानें दोघांचीं मनगटें धरून तसें केलें, व उतरले होते तेथून शंभर-सवाशें पावलांवर ते बाहेर आले. धाकट्याच्या नाकातोंडांत पाणी गेलें होतें, बाकी इजा नाहीं. त्या कोळ्याला पुतण्यानें पैसे देऊं केले ते त्यानें घेतले नाहींत, “पोरांना सुकतीच्या पाण्यांत कशाला घालतां?” एवढें बोलून तो पुन्हां जाळ्याकडे वळला.

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर माणसें बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षें येत आल्या आहेत. देवळासमोर जीवरक्षक असतात; आमचें हॉटेल त्यांच्या नजरेच्या टप्प्याबाहेर होतें. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरूडला सहलीस गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी एकाच दिवशीं बुडाले, हें बहुतेकांच्या स्मरणांत असेल. अशा प्रसंगीं ‘लाटेनें ओढून नेलें’ असें आपण म्हणतों. वास्तविक लाट किनाऱ्याकडे येते. लाटांबरोबर आलेलें पाणी परत जाण्यास वाट शोधतें, आणि वाळूच्या बांधांतील एखाद्या खळग्यांतून अरुंद पण जोरदार ओढ्यासारखें समुद्राकडे धांवतें. ओढतो तो हा. त्याची खूण अशी कीं, दोन्ही बाजूंस लाटा फुटत असतां मध्येंच एक पट्टा शांत दिसतो, पाणी तेथें गढूळ असतें, फेंस बाहेर जात असतो. आणि नेमकी तीच जागा नवख्या माणसाला सुरक्षित वाटते. या ओढीशीं समोरासमोर झुंज घेणारा दमतो व बुडतो. ओढीला आडवें, किनाऱ्याला समांतर जावें; पट्टा अरुंद असल्यामुळें थोड्या अंतरावर सुटका होते. पोहतां येत नसेल तर मुळांतच गुडघ्यांपलीकडे जाऊं नये. ओहोटीला ही ओढ बळावते.

आणि ओहोटी केव्हां, हें आपल्या घरच्या पंचांगांत लिहिलेलें असतें! कोंकणांतील जुनीं माणसें व कोळी तिथीची पाऊणपट करतात. तिथीच्या अंकाला तिनांनीं गुणून चारांनीं भागावें; जो आंकडा येईल तितक्या वाजतां भरती पूर्ण, सकाळीं व संध्याकाळीं दोन्ही वेळां; त्यानंतर सुमारें सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहा वाजतां, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला व अमावास्येला सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक गांवोगांव पडतो, पण पाण्यांत उतरावें कीं नाहीं हें ठरविण्यास तेवढा हिशेब पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी पुष्कळ चढतें व पुष्कळ उतरतें, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार थोडा, त्याला भांग म्हणतात. आतां चतुर्थीचा हिशेब करून पाहावा. चार गुणिले तीन भागिले चार, म्हणजे तीन वाजतां भरती. मग सहा वाजतां पाणी ऐन ओसरण्याच्या जोरांत, आणि पौर्णिमेचें उधाण अजून पुरतें निवालेलें नसतें. गणपतीपुळ्यास सर्वांत अधिक गर्दी संकष्टीला होते. दर्शन घेऊन, चंद्रोदयाची वाट पाहत, लोक समुद्रांत उतरतात ते सूर्यास्ताच्या सुमारास. म्हणजे बाराही महिने, प्रत्येक संकष्टीला, हजारों भाविक माणसें नेमकीं सुकतीच्या ओढींत उभीं असतात. हा योगायोग नव्हे. भरती आणि व्रत दोन्ही एकाच चंद्राला बांधलेलीं आहेत. हें लक्षांत आलें तेव्हां आमच्या अंगावर कांटा आला.

पिंपळ आणि सागर सेव्य खरे, परंतु वाटेल तेव्हां त्यांना शिवूं नये. पिंपळाला शनिवारीं स्पर्श करावा व सागराला पर्वकाळीं, अशा आशयाचें वचन धर्मशास्त्राच्या ग्रंथांत प्रसिद्ध आहे. पर्वकाळ म्हणजे मुख्यतः पौर्णिमा-अमावास्या. वरील हिशेब या किनाऱ्याला लावून पाहिला, तर त्या दिवशीं पहाटे पांचाच्या पुढें पाणी चढूं लागतें व अकरापर्यंत चढतच असतें. म्हणजे प्रातःस्नान करणारा सुकतींत सांपडत नाहीं. अर्थात् तेव्हां उधाण असतें, म्हणून खोल जाणें वर्ज्यच. शास्त्रकारांच्या मनांत हेंच होतें असा आमचा आग्रह नाहीं. पण समुद्राला भेटण्याची वेळ ठरलेली असावी, ही दृष्टि त्यांत आहे, आणि नव्या हॉटेलांत ती नाहीं. तेथें नाश्त्याची वेळ लिहिलेली होती, तरणतलावाची होती, खोली सोडण्याची तर तीन ठिकाणीं होती. समुद्राची कोठेंच नव्हती. तरणतलावाशीं दोन रक्षक, शिट्ट्या व फुगवलेलीं कडीं. आणि पन्नास पावलांवर जेथें खरा तारू-बुडवू समुद्र, तेथें रिकामी वाळू.

त्याच रात्रीं आम्हीं व्यवस्थापकांशीं बोललों. त्यांनीं ऐकून घेतलें, पण समुद्र हॉटेलाच्या मालकीचा नसल्यामुळें तेथें पाटी लावणें आमच्या अखत्यारांत नाहीं असें म्हणाले. मग ओसरीच्या भिंतीवर तरी फळा लावा, अशी आम्हीं विनंती केली. भाजीचे हिशेब लिहिण्याचा एक फळा मुदपाकखान्यांतून आला. चतुर्थीला सकाळीं त्यावर तिथि, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ आणि पाण्यांत न उतरण्याचे तास लिहिले. त्या दिवशीं संकष्टीची गर्दी झाली, आणि दुपारीं चारानंतर हॉटेलांतील मुलें स्वतः होऊन वाळूवर जाऊन पाहुण्यांना सांगूं लागलीं. एका बड्या गृहस्थांनीं ‘आम्हांला पोहतां येतें’ म्हणून त्यांना झिडकारलें. पण त्यांच्या पत्नीनें त्यांना परत आणलें.

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानांवर घातली. गच्चीवरून वाळूवर झोत टाकणारे चार प्रखर दिवे नव्यानें बसविले आहेत. हिवाळ्यांत या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्रकांसवें रात्रीं अंडीं घालण्यास येतात, आणि दीड-दोन महिन्यांनीं पिलें वाळूंतून निघून उजेडाच्या रोखानें चालूं लागतात. निसर्गांत तो उजेड क्षितिजावरील पाण्याचा. दिवे असले कीं पिलें दिव्याकडे फिरतात आणि सकाळीं कावळ्यांच्या तोंडीं पडतात. नाना फडणविसांच्या वेळासला या कांसवांच्या रक्षणाचें काम २००२ सालापासून गांवकऱ्यांनीं मनावर घेतलें, आणि आतां तीं पिलें पाहण्यासाठींच लोक तेथें जातात. व्यवस्थापकांना हा मुद्दा लगेच पटला, कदाचित् त्यांत पाहुणे येण्याची आशा दिसल्यामुळें असेल. रात्रीं दहानंतर दोन दिवे मालवले जाऊं लागले. चारही मालवावे असें आम्ही अजून पत्रानें कळवीत आहों.

मोठें कुटुंब घेऊन निघणारांनीं खोल्या राखतांना फोनवर दोन-चार प्रश्न विचारावे. खिडकी उघडते काय? सर्वांनीं मिळून बसण्यास छपराखालची उघडी जागा आहे काय, व ती संध्याकाळीं लग्नकार्याला भाड्यानें देतात काय? समोरच्या वाळूवर जीवरक्षक कोणत्या वेळांत असतो? तळमजल्यावरील खोली मिळेल काय? गालिचा कोणत्या रंगाचा आहे हें तेथें गेल्यावर कळलें तरी चालतें. गर्दी टाळावयाची असल्यास संकष्टी व नाताळ सोडून जावें. आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमीपासून दशमीपर्यंत गेल्यास चढउतार थोडा असल्यामुळें मुलांना पाण्याशीं खेळविणें त्यांतल्या त्यांत सोपें पडतें.

पंचमीला दुपारीं निघण्याची तयारी झाली तेव्हां वहिनी ओसरीवरून उठावयास तयार नव्हत्या. गाडी दारांत पाऊण तास उभी राहिली. तेवढ्यांत वाढपी मुलांपैकीं एकजण फळ्याचा हिशेब पक्का समजून घेण्यास आला. तिथीचा क्षय झाला किंवा वृद्धि झाली तर काय करावयाचें, ही त्याची शंका होती, आणि ती बरोबर होती. त्याला आम्हीं सांगितलें कीं, अशा वेळीं कालच्या भरतींत पन्नास मिनिटें मिळवावीं, म्हणजे चूक वाढत नाहीं. त्यानें खडू घेऊन दुसऱ्या दिवसाचें लिहून दाखविलें: वद्य षष्ठी, भरती साडेचार, ओहोटी पावणेअकरा, संध्याकाळीं पांचानंतर पाण्यांत उतरूं नये. ‘ओहोटी’तील शेवटचा टी त्यानें ऱ्हस्व काढला होता, तेवढा दुरुस्त करून आम्ही गाडींत बसलों.